लाळ गळायच्या आधीच गाय सांगत असते

सध्या आमच्या कर्नाटकातल्या निपाणी-चिकोडी पट्ट्यात कारखाने सुरू झालेत, ऊसतोडीच्या टोळ्या उतरल्यात, रस्त्यानं बैलगाड्यांची रांग लागलीय आणि दरवर्षी ह्याच दिवसांत लाळ्या-खुरकुताची, म्हणजे जनावरांच्या तोंडाला-पायाला फोड आणणाऱ्या साथीच्या रोगाची, भीती असते. परवा शेजारच्या गावातल्या एका वहिनींचा फोन आला, म्हैस तोंड मचमच करतीया, लाळ्या असंल काय गं? फोनवर जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं, पण मनात आलं की हे एकदा नीट लिहूनच काढावं, कारण आमच्या गोठ्यात हा रोग येऊन गेलाय आणि ओळखण्यापासून ते गाय परत धड उभी राहीपर्यंत सगळं मी आणि आत्तींनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, मिळून केलंय. माहितीपत्रकात "तोंडाला फेस, पायाला जखमा" एवढंच असतं. पण फेस दिसतो तोवर रोगानं निम्मं काम उरकलेलं असतंय, हे कुणी सांगत नाही.

आमच्याकडं एक एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन, विदेशी जातीची) गाय, दोन म्हशी, खिलार बैलजोडी, गाईची बारकी कालवड आणि थोड्या शेळ्या. आमचे हे सीझनला कारखान्यावर असतात त्यामुळं गोठा माझ्याकडं आणि सासूबाईंकडं. सगळ्या जनावरांना लस झालेली होती, पण ती टोचून सहा महिने होत आले होते आणि पुढची फेरी यायची होती. लसीची ताकद चार ते सहा महिने राहते, म्हणजे नेमक्या त्या मधल्या फटीत रोग आला.

पहिलं लक्षण चरवीत, म्हणजे धारेच्या भांड्यात दिसलं. एका वेळेला नऊ लिटर देणारी गाय संध्याकाळी सहावर आली. वैरण तीच, पेंड तीच, वेळ तीच. दूध कमी आलं की आपण पहिल्यांदा वैरणीवर ढकलतो, वाडं (उसाचे हिरवे शेंडे) जास्त झालं असेल, पाणी कमी पिली असेल. पण धार काढताना सड हाताला गरम लागत होते आणि एरवी गरीब असलेली गाय पाय उचलून झटकत होती, मागचा एक पाय वर, तो ठेवला की दुसरा, जणू खाली चटके बसतायत. लाथ मारायची नव्हती तिला, पाय जमिनीवर टेकवायचाच नव्हता. कान पडलेले, अंगावर काटा, नाक कोरडं, रवंथ बंद. आणि आत्ती एकदम म्हणाल्या, "ऐक की गं, कसला आवाज काढतीया ती." नीट ऐकलं तर ओठ मिटून उघडल्यासारखा चप चप आवाज, आणि मधूनच दात करकर चावायची. लाळेची तार अजून एक पण नव्हती.

घरात जनावरांचा थर्मामीटर आहे तो शेपटीखाली लावला. गाईला एरवी साधारण १०१ ते १०२ फॅरनहाइट असतो, १०५ भरला. ह्या रोगात ताप १०४ ते १०६ पर्यंत जातो आणि पहिल्या दिवसातच जातो, नंतर फोड फुटले की उतरायला लागतो. म्हणून ज्याच्याकडं दुभतं जनावर आहे त्यानं थर्मामीटर घ्याच, फार पैसे लागत नाहीत आणि हात लावून "अंग गरम वाटतंय" ह्याला काही अर्थ नसतो, थंडीच्या दिवसात तर मुळीच नाही.

मग तोंड बघितलं. बॅटरीच्या उजेडात वरचा ओठ उचलला, गाईला वरच्या बाजूला पुढचे दात नसतात, तिथं टणक गादीसारखी हिरडी असते, त्या हिरडीवर आणि ओठाच्या आतल्या बाजूला पांढुरके डाग, मध्ये फुगल्यासारखे. जिभेकडं बघायच्या भानगडीत मी पडले नाही, तिला दुखत होतं आणि तेवढं बघून कळलं होतं. आत्तींनी लगेच हात धुतले, लुगड्याचा ओचा खोचला आणि दुसऱ्या बाजूला जाऊन म्हशींच्या धारा काढायला बसल्या, मला म्हणाल्या, "तू आता तिच्याचकडं, मी हिकडं, हिकडची चरवी तिकडं न्यायची न्हाई आन् तिकडची हिकडं न्हाई." त्यांनी आयुष्यात लाळ्या बऱ्याचदा बघितलाय, त्यांना व्हायरस वगैरे काही सांगावं लागत नाही.

आता हे लाळ्याच कशावरून, दुसरं काही कशावरून नाही? हा प्रश्न मला त्या रात्री पण पडला होता, आणि त्या वहिनींनी पण हेच विचारलं. तिवा असेल तर ताप येतो, जनावर लंगडतं, थरथरतं, लाळ पण येऊ शकते, पण तोंडात फोड नसतात आणि दोन-तीन दिवसात बहुतेक वेळा उतरतो. फऱ्यात मांडीला किंवा खांद्याला सूज येते आणि दाबलं की चरचर वाजतं, लंगडणं त्या सुजेमुळं असतं. घटसर्पात गळ्याखाली सूज, घरघर, श्वास अडकतो, त्याला थांबायला वेळच नसतो. लंपीत अंगभर गाठी. आणि कधी कधी वैरणीतल्या काट्यानं किंवा तारेनं तोंड फाटलेलं असतं, पण त्यात एकच जखम असते, ताप नसतो आणि पाय चांगले असतात. लाळ्यात तोंड आणि पाय दोन्ही एकदम, ताप जोराचा, आणि एकाला झालं की पाठोपाठ दुसऱ्याला. खुरांच्या बेचक्यात आणि खुराच्या वर जिथं केस संपून नख सुरू होतं त्या कडेला बघायचं, तिथं लाल झालेलं असतं, ओलं असतं, हात लावला की पाय ओढून घेतं. आमच्या गाईचं तसंच होतं.

सकाळ झाल्या झाल्या दवाखान्यात फोन केला. आमच्या इथले जनावरांचे डॉक्टर कन्नड, मराठी समजतं पण बोलतात तोडकं, त्यांना "कालुबायी रोग" म्हटलं की पटकन कळतं. फोन लागत नसेल तर १९६२ वर लावायचा, फिरती गाडी येते, पलीकडं महाराष्ट्रात पण हाच नंबर आहे. डॉक्टर आले ते रबरी बूट घालून, गोठ्यात शिरायच्या आधी आणि बाहेर पडताना बूट सोड्याच्या पाण्यात बुडवले. मला तिथंच हायसं वाटलं. कारण गावात घरोघर फिरणारी माणसं, गाय भरवायला (रेतन करायला) येणारा, दूध घेऊन जाणारा पोरगा, हेडी (जनावरांचा दलाल), ह्यांच्या चपलांबरोबर हा रोग जेवढा फिरतो तेवढा कशानंच फिरत नसावा असं मला मनापासून वाटतं.

त्यांनी जीभ बाहेर ओढून दाखवली. रात्री जे पांढरे डाग होते ते एव्हाना फुटायला लागले होते, जिभेवरची कातडी मोठ्या तुकड्यानं सोलून निघत होती आणि खाली लालभडक मांस. लाळेच्या तारा सुरू झाल्या होत्या, जमिनीपर्यंत. डॉक्टर म्हणाले, "अक्का, नीवु म्हणजे तुम्ही बेस केला, लवकर बघितला." मग त्यांनी मला जे समजावलं ते मला फार महत्त्वाचं वाटतं. फोडाकडं बघून तो किती दिवसांचा ते कळतं. न फुटलेला किंवा नुकताच फुटलेला, कडेला कातडीची लक्तरं लोंबतायत, तर एक-दोन दिवसांचा. कडा गुळगुळीत व्हायला लागल्या, वर पिवळसर साय धरली की तीन-चार दिवस उलटले. जखम भरून फिकट वण राहिला की आठवडा होऊन गेला. आणि अंगात विषाणू शिरल्यापासून लक्षण दिसेपर्यंत साधारण २ ते १४ दिवस जातात. म्हणजे फोडाच्या वयावरून मागं मोजायचं आणि त्या दिवसांत गोठ्यात कोण आलं, जनावर कुठं गेलं, वैरण कुठून आणली ते आठवायचं. आम्ही आठवलं. टोळीतले बैल आमच्या विहिरीच्या पाटावर पाणी प्यायचे, गाय पण तिथंच जायची. एक धनगराचं मेंढरांचं खांड (कळप) पण रानात बसवलं होतं खतासाठी. मेंढरा-शेळ्यांत हा रोग इतका हलका असतो की थोडं लंगडलं एवढंच दिसतं, पण विषाणू सोडतातच. नक्की कुठून आला ते शेवटपर्यंत कळलं नाही आणि त्या टोळीवाल्यांच्या बैलांचे हाल आमच्यापेक्षा जास्त होते, गाडी ओढणाऱ्या बैलाचे खूर गेले तर त्या माणसाची सीझनची उचल (आधी घेतलेले पैसे) फिटत नाही, त्यामुळं त्यांच्या नावानं बोटं मोडण्यात काही अर्थ नाही. त्यांच्या पण बैलांना डॉक्टरांनी बघितलं.

आणि दुसरी गोष्ट, जी ऐकून माझ्या पोटात गोळा आला. लक्षण दिसायच्या आधीच एक-दोन दिवस, कधी त्याहून जास्त, जनावराच्या दुधातून, श्वासातून, लाळेतून विषाणू बाहेर पडत असतो. म्हणजे लाळ गळताना दिसली मग वेगळं बांधलं तर शेजारच्या दाव्याला आधीच पोचलेलं असतंय. म्हणून दूध घटलं, ताप चढला, पाय झटकायला लागलं, चपचप ऐकू आली, एवढ्यावरच बाजूला काढायचं, नंतर लाळ्या नसला तर नसू दे, काय बिघडतंय?

डॉक्टरांनी जिभेवरची सुटलेली कातडी चिमट्यानं घेऊन बाटलीतल्या औषधात टाकली, ती तपासायला पाठवतात. कारण हा विषाणू एकच नाही, सात प्रकार आहेत, आपल्या देशात त्यातले ओ, ए आणि एशिया-१ हे तीन सापडतात आणि लसीत हेच तीन असतात. एका प्रकाराचा रोग होऊन गेला म्हणून दुसऱ्यापासून वाचत नाही, ह्यामुळंच "एकदा लाळ्या येऊन गेला, आता काय होत नाही" हे म्हणणं खोटं. पंचायतीत पण कळवायला लावलं. २००९ च्या कायद्यात हा रोग कळवण्याच्या यादीत आहे आणि कळवणं मालकाचं काम आहे. गावात काही जण म्हणाले कशाला बोंब करता, डेअरीवाले दूध बंद करतील. पण लपवून ठेवलं तर अख्ख्या गल्लीतली गुरं जातात. २०१३ साली कर्नाटकात ह्या रोगाची मोठी साथ येऊन हजारांनी जनावरं मेली, डॉक्टर तेव्हा दुसऱ्या जिल्ह्यात होते, त्याबद्दल बोलताना त्यांचा आवाज बदलला.

औषधाबद्दल सरळ सांगते, ह्या रोगाला मारणारं औषध नाही. ताप उतरायचं इंजेक्शन आणि जखमा चिघळू नयेत म्हणून अँटिबायोटिक, तेही डॉक्टर देतील तेच. मेडिकलमधून आपल्या मनानं आणून टोचायचं नाही. बाकी सगळं सेवेवर असतं. तोंड धुवायला लाल औषध, म्हणजे पोटॅशियम परमँगनेट, पाण्यात अगदी थोडंसं, पाणी फिकट गुलाबी दिसलं पाहिजे, जांभळं झालं तर जास्त झालं आणि जखम भाजते. मऊ पिचकारीनं हळू मारायचं, नळी घशात घालायची नाही. मग बोरिक पावडर ग्लिसरीनमध्ये कालवून जिभेला, हिरडीला. आत्तींचा भर घरगुतीवर होता आणि डॉक्टरांनी पण होय म्हटलं, जिरे, मेथी, मिरे दहा-दहा ग्रॅम भिजवून वाटायचे, त्यात दहा ग्रॅम हळद, लसणाच्या चार पाकळ्या, एका नारळाचं खोबरं आणि १२० ग्रॅम गूळ, हे तोंडात आणि जिभेवर दिवसातून तीनदा. राष्ट्रीय डेअरी विकास मंडळाच्या (एनडीडीबी) माहितीत पण हेच आहे म्हणे. गुळाच्या गोडीनं गाय जीभ हलवायला लागली, मला वाटतं निम्मा उपयोग त्याचाच.

खायचं सगळ्यात कठीण. गाईला भूक असायची, गव्हाणीशी यायची, तोंडात घास घ्यायची आणि टाकून द्यायची, डोळ्यातनं पाणी. ते बघवत नाही. शाळूचा कडबा आणि वाडं पूर्ण बंद, त्याच्या धारेनं जीभ आणखी सोलते. खानापूर-चंदगड बाजूचा नाचणा घरात होताच, त्याची पातळ आंबील करून गार करून बादलीत ठेवली, ती ती ओठ बुडवून ओढायची. कोवळं गवत बारीक कापून, भात मऊ शिजवून गूळ घालून. पाणी सारखं पुढ्यात ठेवायचं, तेसुद्धा तिच्या वेगळ्या बादलीत.

पाय मात्र जास्त दिवस घेतात. तोंड आठ-दहा दिवसात बरं दिसायला लागतं आणि माणूस निवांत होतो, पण खुरांच्या बेचक्यात माशी बसली की किडे पडतात आणि मग नख सुटेपर्यंत जातं. गोठ्यात चिखल, मूत, शेण साठू द्यायचं नाही, खाली कोरडा पाचट किंवा भुसा. लाल औषधाच्या पाण्यानं धुऊन, पुसून कोरडं करून मग कडुनिंब, तुळस, मेंदी, लसूण, हळद खोबरेल तेलात उकळून गाळलेलं तेल लावायचो. सडांवर पण फोड आले होते, धार काढताना गाय थरथरायची, पण दूध तसंच ठेवलं तर दगडी (कासेची सूज) होते म्हणून खोबरेल लावून अगदी हळू पिळायचं. ते दूध डेअरीला घातलं नाही. दुधातून, कॅनमधून रोग दुसऱ्या गोठ्यात जातो. डेअरीत चेअरमनना आधीच सांगितलं, ते समजून वागले. गावात लगेच उठलं की ह्यांच्या म्हशींचं दूध पिऊन पोरांच्या तोंडात फोड येतील. शाळकरी पोरांना जे हात-पाय-तोंडाला फोड येतात तो वेगळाच विषाणू आहे, त्याचा जनावरांशी संबंध नाही. माणसाला ह्या रोगाची भीती नाही, दूध उकळून प्यायचं एवढंच.

कालवडीचं मला सगळ्यात जास्त दडपण होतं. मोठं जनावर ह्या रोगानं सहसा मरत नाही, वासरं मरतात, आणि तोंडात एक फोड न येता मरतात, कारण विषाणू सरळ काळजावर (हृदयावर) बसतो. सकाळी उड्या मारणारं वासरू दुपारी आडवं. आमच्या पलीकडच्या गल्लीत एका घरी असंच झालं, आजारी आईला पाजत होतं, बघता बघता गेलं, त्या काकी दिवसभर गोठ्यातनं बाहेर आल्या नाहीत. आमची कालवड पहिल्या संध्याकाळीच आत्तींनी घराच्या दुसऱ्या टोकाला पडवीत नेऊन बांधली होती, आईला पाजणं बंद, म्हशीचं दूध उकळून कोमट करून दिलं, आणि तिचं सगळं आत्तींकडंच, मी तिकडं फिरकायची नाही. ती वाचली. मी तिच्याकडं लांबनं बघून रोज देवाला हात जोडत होते.

म्हशींपैकी एकीला झालं, पण हलकं, जरा लाळ आणि एका पायाला जखम. बैलांनी एक दिवस वैरण सोडली आणि पाय झटकले तेवढंच. खिलार आणि म्हशी ह्याच्यात टिकतात, एचएफ गाईला सगळ्यात जड जातं. दारात आणि गोठ्याच्या तोंडाला धुण्याच्या सोड्याचं पाणी, एक लिटरला ४० ग्रॅम, त्यात पोतं भिजवून टाकलं होतं, येणाऱ्या-जाणाऱ्यानं पाय ठेवूनच जायचं. भज्यांत घालतात तो खायचा सोडा नव्हे, कपड्याचा. हा विषाणू फार आम्ल किंवा सोड्यासारख्या फार अल्कली पाण्यात टिकत नाही, पण गार ओलसर हवेत, शेणात, वैरणीत बरेच दिवस टिकतो, आणि आपल्याकडं डिसेंबरात सकाळी धुकं असतंच. डॉक्टरांनी गावाभोवतीच्या निरोगी गुरांना लस टोचली, बाहेरच्या वाड्या-वस्त्यांपासून सुरू करून आत गावाकडं, आणि आजारी गोठ्याकडं सगळ्यात शेवटी. ह्याच्यामागं कारण आहे, आधी आजारी गोठ्यात शिरून मग बाहेर गेलं तर टोचणाऱ्याबरोबरच रोग जाईल.

बरी झाली म्हणजे झालं असं पण नाही. गाईचं दूध त्या वेतात (वासरू झाल्यापासून दूध आटेपर्यंतच्या काळात) परत पहिल्यासारखं आलं नाही. उन्हाळ्यात धापा टाकायची, जीभ बाहेर, केस लांब वाढलेले, सावलीत असून सुद्धा. लाळ्या होऊन गेलेल्या काही जनावरांत असं राहतं, डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, म्हणून दुपारी अंगावर पाणी आणि वैरण सकाळ-संध्याकाळच्या गारव्यात. माजावर पण उशिरा आली. आणि बऱ्या झालेल्या गाईच्या घशात विषाणू पुढं कित्येक महिने राहू शकतो, म्हणून बाजारातनं जनावर आणलं, मग तो बेळगावचा बाजार असो की सीमेपलीकडचा, कितीही तुकतुकीत दिसत असलं तरी तीन आठवडे वेगळं बांधायचं हे आमच्या घरात आता ठरलेलं आहे.

लसीचं थोडं. सप्टेंबर २०१९ पासून केंद्राच्या कार्यक्रमात ही लस फुकट आहे, दर सहा महिन्यांनी, आणि कानातल्या बारा आकडी बिल्ल्यावर नोंद होते. वासराला पहिली चौथ्या महिन्यात, मग महिन्याभरानं बूस्टर, मग सहा महिन्यांनी सगळ्यांबरोबर. बूस्टर चुकवला तर पहिल्या टोचणीचा उपयोग फार थोडा राहतो. लोक म्हणतात टोचल्यावर दूध कमी होतं, होय, एक-दोन दिवस थोडं होतं, टोचलेल्या जागी गाठ पण येते, पण माझ्या गाईचं पूर्ण वेत गेलं त्याच्यापुढं ते काहीच नाही. लस २ ते ८ डिग्री सेल्सिअसमध्ये ठेवावी लागते, त्यामुळं टोचायला आलेल्याकडं बर्फाचा डबा आहे का ते बघा, नसेल तर विचारा, कुणी रागावत नाही. कर्नाटकातली फेरी आणि पलीकडं कागल-गडहिंग्लज बाजूची फेरी एकाच वेळी होईल असं नसतं, म्हणून ज्यांचं रान एका राज्यात आणि घर दुसऱ्या राज्यात आहे त्यांनी आपल्या जनावराची तारीख स्वतः कॅलेंडरवर लिहून ठेवा. आमच्या इथं फेरी असली की आदल्या दिवशी पंचायतीची गाडी सांगत फिरते, त्या सकाळी गुरं रानात सोडू नका, दावणीलाच ठेवा, आणि शेळ्यांचं पण विचारून घ्या.